लहान दुरुस्त्यांचे शोधन : पोथीपासून संगणकापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी मराठी शिकलो. त्यांच्या नावाने होणारे व्याख्यान मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने द्यावे हे ओघानेच आले. परंतु त्याने संगणकाच्या आज्ञावलींवर बोलावे, हे आपणांस विपरीत वाटले असेल. मलाही प्रारंभी तसेच वाटले होते. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

माझी नात हैदराबादेत संगणकाच्या क्षेत्रात काम करते. नोकरीबाहेरच्या वेळात ती एका मुक्तस्रोत चाचणी-साधनात इतरांनी सुचविलेल्या लहान लहान दुरुस्त्या तपासून देते. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते आणि जीत दुरुस्ती सुचविता येते, अशी आज्ञावली. चाचणी-साधन म्हणजे इतर आज्ञावली बरोबर चालतात की नाही, हे पाहणारी आज्ञावली. गेल्या दिवाळीत ती आदिलाबादला आली असता रात्री उशिरापर्यंत पडद्याकडे पाहत बसलेली मला दिसली. पडद्यावर दोन ओळी होत्या. एक तांबडी, दुसरी हिरवी. तांबडी म्हणजे जुना पाठ, हिरवी म्हणजे नवा पाठ. दोहोंत फरक एका चिन्हाचा. मी विचारले, "एवढ्याशा फरकासाठी एवढा वेळ?" ती म्हणाली, "आजोबा, जुन्या ओळीचा अर्थ ‘पस्तिसांहून अधिक’ आणि नवीचा ‘पस्तीस किंवा अधिक’. बरोबर पस्तीस गुण मिळवलेल्या मुलाचे काय व्हायचे, ते या एका चिन्हावर ठरते."

श्रोतेहो, त्या क्षणी मला माझाच व्यवसाय नव्या वेषात भेटला. दोन पाठ शेजारी ठेवणे, फरक नेमका हेरणे, तो का झाला हे विचारणे आणि मग स्वीकारणे किंवा नाकारणे यालाच आम्ही पाठचिकित्सा म्हणतो. तिचा इतिहास मी जन्मभर शिकवला. आज तो संगणकापर्यंत आणून सोडावा, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या भाषेत या शोधनाची परंपरा मोठी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षांत तिच्या असंख्य नकला झाल्या. प्रत्येक नकलाकाराने भक्तिभावाने, क्वचित हौसेने, कुठे एक शब्द सोपा केला, कुठे एक ओवी जोडली. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथमहाराजांनी प्रती जुळवून शुद्ध पाठ निश्चित केला आणि पुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. ज्यांच्या हातून ज्ञानेश्वरी बिघडली ते तिचे वैरी नव्हते. ते तिचे भक्तच होते, आणि बिघाडही मोठ्या उलथापालथीने झाला नव्हता. तो लहान, सद्हेतुक आणि न तपासलेल्या दुरुस्त्यांनी साचत गेला होता.

विसाव्या शतकात हेच काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारतावर केले. १९१९ मध्ये आरंभ झालेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. १२५९ हस्तलिखिते उपयोगात आली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखटणकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, हे येथे मुद्दाम सांगतो. त्यांच्या पद्धतीत गणिताची शिस्त दिसते. एकेका श्लोकासाठी स्वतंत्र कागद, त्यावर अक्षरागणिक चौकटी आणि त्या चौकटींत प्रत्येक प्रतीतला फरक. जेथे निश्चित केलेला पाठ पूर्ण खात्रीचा नाही, तेथे खाली नागमोडी रेघ. "हे मी स्वीकारले आहे, परंतु माझी खात्री पुरी नाही" हे वाचकाला उघड सांगणारी ती रेघ मला त्या साऱ्या उद्योगातील सर्वांत प्रामाणिक खूण वाटते.

आता मी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझा प्रबंध या सीमाभागातील जुन्या मराठी कागदांवर होता. पैनगंगेच्या काठच्या एका घरात उताराची, म्हणजे नावेने लोक नदीपार नेण्याच्या व्यवसायाची, बाळबोधीत लिहिलेली वही मला मिळाली. तिच्यात एके ठिकाणी ‘दर नांव दोन आणे’ अशी नोंद होती. वहीत ‘नांव’ सानुस्वार लिहिले की ते माणसाचे नाव, आणि ‘नाव’ निरनुस्वार लिहिले की ती पाण्यातली होडी, हा भेद लिहिणाऱ्याने कसोशीने पाळला होता. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले होते आणि आम्ही तरुण त्या नियमांचे अभिमानी होतो. मी मुद्रणप्रत करताना सगळे अनुस्वार गाळले. टीप दिली नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीला टीप कसली, असे वाटले. मुद्रिते मीच तपासली. छापले गेले ‘दर नाव दोन आणे’. पुढे अनेक वर्षांनी एका तरुण अभ्यासकाने माझ्या छापील पाठावरून, एका होडीच्या खेपेला दोन आणे आकार होता असे मानून त्या उताराच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला. मूळ नोंद तर दर माणशी दोन आण्यांची होती. त्याच्या गणितात चूक नव्हती, त्याच्या निष्ठेतही नव्हती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा दोष. मी वही पुन्हा पाहण्यासाठी त्या घरी गेलो, तो वही एका पुराच्या साली भिजून नष्ट झालेली होती. मूळ पुरावा गेला आणि माझे बिनअनुस्वाराचे पान तेवढे उरले.

त्या वहीच्या वाटेने मी संगणकाच्या संहितेकडे आलो, म्हणून त्या क्षेत्राच्या इतिहासातही मला आमचीच माणसे दिसली. १९७० नंतर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी दोन संहितांतील फरक दाखविणारी ‘डिफ’ नावाची आज्ञावली तयार केली. तिची पद्धत १९७६ मध्ये हंट आणि मॅकिलरॉय यांनी प्रसिद्ध केली. जे काम आम्ही कागदाच्या चौकटींत वर्षानुवर्षे करीत होतो, ते यंत्र क्षणात करू लागले. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ ही तिची जोडीदारीण आणली. पॅच म्हणजे ठिगळ. आता सबंध वस्त्र पाठविण्याचे कारण उरले नाही, फक्त ठिगळ पाठवावे आणि दुसऱ्याने ते नेमक्या जागी लावावे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली अशाच हजारो माणसांच्या ठिगळांवर वाढली आणि ती ठिगळे, कोणी कधी लावली याच्या नोंदीसह, जपण्यासाठी त्यांनीच २००५ मध्ये ‘गिट’ निर्माण केली.

परंतु फरक दाखविणे वेगळे आणि फरक पारखणे वेगळे. पारखण्याची शिस्त आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडली. चार-पाच जणांनी एकत्र बसावे, एकाने सूत्रे सांभाळावी, लिहिणाऱ्याने समोर असावे आणि ओळ न् ओळ पाहावी. बैठकीचे काम दोष शोधण्याचे. दुरुस्ती नंतर लिहिणाऱ्याने करावयाची. आणि सापडलेल्या दोषांवरून माणसाची किंमत ठरवावयाची नाही, ही अट महत्त्वाची. ज्यांनी विद्वानांच्या सभा पाहिल्या आहेत, त्यांना या शेवटच्या अटीचे मोल कळेल.

दुसरीकडे चाचणीचे शास्त्र वाढत होते. १९८८ च्या शरदात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून दूरध्वनीच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. बाहेर विजांसह वादळी पाऊस. तारेत खरखर शिरली, आज्ञांमध्ये भलतीसलती अक्षरे मिसळली आणि चांगल्या मानलेल्या आज्ञावली कोसळू लागल्या. दुसऱ्याने पावसाला दोष दिला असता. मिलर यांनी विद्यार्थ्यांना कामच दिले, की मुद्दाम असंबद्ध अक्षरे आज्ञावलींना खाऊ घाला आणि काय होते ते पाहा. सुमारे नव्वद आज्ञावलींवर हा प्रयोग झाला आणि त्यांतील पाव ते एकतृतीयांश कोसळल्या किंवा अडकून पडल्या. १९९० मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. या पद्धतीला ‘फझिंग’ म्हणतात. पुढे १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात ‘जेयुनिट’ या चाचणी-साधनाचा पाया घातला. त्यानंतर मुक्तस्रोत चाचणी-साधने हा प्रत्येक कारागिराच्या पेटीतला पदार्थ झाला.

येथे आपल्या गावचा एक दाखला देतो. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. बाजारात शेतकऱ्याची बंडी काट्यावर चढते. कापूस ओला आहे की सुका, यावर भांडण होते. काट्यावर सहसा होत नाही. काट्याचे वजन खरे आहे, असे दोघेही धरून चालतात. म्हणून वजने तपासून त्यांवर शिक्का मारणारा अधिकारी बाजारातील सर्वांत कमी दिसणारा, परंतु सर्वांत जबाबदार माणूस होय. कापसात खोट असेल तर एका बंडीचा तोटा. वजनात असेल तर सबंध हंगामाचा, आणि तोही कोणाच्या लक्षात न येता. चाचणी-साधन हे आज्ञावलींच्या बाजारातले वजन आहे. त्यात सुचविलेली दुरुस्ती तपासणारा म्हणजे तो शिक्का मारणारा माणूस.

ही उपमा अतिशयोक्त नाही, हे दाखविणारा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत घडला. त्याच्याकडे आता वळू.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने एक दोष जगापुढे आला. संगणकांमधील गुप्त संभाषण राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्तस्रोत संहितेत तो होता. मागणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे न पाहताच तितकी अक्षरे परत दिली जात होती. ती दुरुस्ती ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री मूळ संहितेत स्वीकारली गेली होती. लिहिणारा एक आणि पाहणारा एक. दोघेही प्रामाणिक होते. दोघांच्याही नजरेतून एक तपासणी निसटली आणि दोन वर्षांहून अधिक काळ ती कोणाला दिसली नाही. या धक्क्यातून २०१६ मध्ये गूगलने ‘ओएसएस-फझ’ ही सेवा सुरू केली. मिलर यांच्या पावसाळी रात्रीची युक्ती आता मोठ्या यंत्रांवर, महत्त्वाच्या मुक्तस्रोत संहितांसाठी, अहोरात्र चालू लागली. तिचीही संहिता मुक्त आणि तीतही कोणीही दुरुस्ती सुचवावी.

‘एक्सझेड’ नावाचे एक लहान साधन आहे. माहितीची घडी घालून ती आटोपशीर करणे हे त्याचे काम. लिनक्सच्या असंख्य संगणकांत ते असते आणि वापरणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते. फिनलंडचे लासे कोलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने आणि विनामोबदला सांभाळीत होते. २०२१ च्या अखेरीस ‘जिआ टॅन’ या नावाने कोणी लहान लहान, उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ मध्ये इतर काही अपरिचित नावांनी कोलिन यांच्यामागे तगादा लागला, की काम फार मंद चालले आहे, दुसरा सांभाळणारा नेमा. कोलिन यांनी आपल्या प्रकृतीची अडचण सांगितली, हे फावल्या वेळातले काम आहे हेही सांगितले. त्या पत्रांना उत्तर देणारा, "आम्ही तुमचा भार उचलतो" असे मनापासून म्हणणारा खरा माणूस पुढे आला नाही. पुढे आला तो जिआ टॅन. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या.

२०२३ मध्ये त्याने ओएसएस-फझमध्ये एक्सझेडसाठी नोंदविलेला संपर्काचा पत्ता बदलून आपला दिला. जुलै २०२३ मध्ये त्याच चाचणी-सेवेत त्याने एक अगदी लहान दुरुस्ती सुचविली. चाचणीसाठी एक्सझेडची जुळणी करताना त्यातील एक विशिष्ट सोय बंद ठेवावी, एवढीच. कारण दिले होते, ते तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे होते. ती स्वीकारली गेली. पुढे सर्व उघडकीस आल्यावर अभ्यासकांना दिसले, की घातक संहिता नेमकी त्याच सोयीच्या आधाराने आत शिरली होती. पहारेकऱ्याची नजर आधीच दुसरीकडे वळविण्याचा तो उद्योग असावा. तपासणाऱ्याने चूक केली असे मी म्हणणार नाही. ओळ लहान होती, कारण ठीक होते, आणि सुचविणारा त्या साधनाचा मान्य सांभाळकर्ता होता. मीही शिक्का मारला असता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सझेडच्या चाचण्यांसाठी म्हणून दोन नमुना-फाइली आल्या. चाचणीसाठी मुद्दाम बिघडविलेल्या फाइली लागतातच. त्या माणसाला वाचता येत नाहीत आणि त्यांत काय आहे हे कोणी पाहत नाही. घातक संहिता त्यांत दडविली होती. ती बाहेर काढून जुळणीत मिसळणारा दुवा सर्वांपुढे असलेल्या मूळ संहितेत नव्हताच. तो फक्त वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. श्रोतेहो, पोथ्यांच्या अभ्यासकाला हा प्रकार ऐकून घाम फुटावा. शोधकांनी तपासली ती प्रत एक आणि लोकांच्या हाती गेली ती दुसरी!

त्याच महिन्यात आणखी एक दुरुस्ती झाली. एक्सझेडच्या जुळणीच्या वेळी यंत्राला विचारले जाई, की तुझ्याकडे अमुक संरक्षक कुंपण आहे काय? विचारण्याची रीत अशी, की एक लहान नमुना द्यावा. यंत्राला तो समजला तर कुंपण आहे, नाही समजला तर नाही. त्या नमुन्यात एका ओळीच्या आरंभी एक टिंब पडले. एकच टिंब. त्यामुळे नमुनाच अशुद्ध झाला, यंत्राला तो कधीच समजेना, आणि उत्तर कायम ‘नाही’ येऊ लागले. कुंपण असूनही लागेनासे झाले. मी ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा मला पैनगंगेकाठची वही आठवली. माझ्या हातून एक टिंब गळले होते, येथे एक टिंब घातले गेले होते. माझे अज्ञानाने, त्याचे बहुधा हेतूने. परंतु पानावर दोन्ही टिंबे सारखीच निरुपद्रवी दिसतात, आणि तपासणाऱ्यापुढे पान असते, हेतू नसतो.

हे उघडकीस कसे आले? आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंता आपल्या वेगळ्याच कामात होते. दूरच्या संगणकात प्रवेश करावयास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. काही आठवड्यांपूर्वी ‘व्हॅलग्राइंड’ या मुक्तस्रोत चाचणी-साधनाने दिलेल्या चमत्कारिक तक्रारीही त्यांना आठवल्या. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. त्यांनी तो सोडून दिला नाही, माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. दूषित आवृत्त्या तोवर काही प्रणालींच्या चाचणी-प्रतींपर्यंत पोहोचल्या होत्या. सर्वदूर वापरातल्या स्थिर आवृत्त्या बहुतांशी बचावल्या. जिआ टॅन नावामागे कोण होते, हे उघड झालेले नाही.

या प्रसंगातून अनेकांनी संशयाचा धडा घेतला. मला तो अपुरा वाटतो. संशय हवाच, परंतु संशय संहितेचा घ्यावा, आणि त्यासाठी संहितेपाशी बसणारी माणसे पुरेशी हवीत. एकनाथमहाराजांची ताकीद त्यांच्यामागून शतकानुशतके वाचणाऱ्यांनी, पारायण करणाऱ्यांनी, पाठांतर असणाऱ्यांनी पाळली म्हणून टिकली. भांडारकर संस्थेत सुखटणकरांच्या निधनानंतर १९४३ मध्ये काम थांबले नाही. बेलवलकर आणि वैद्य यांच्यासारखे पुढे झाले. कोलिन यांच्या शेजारी कोण होते? ज्यांच्या संगणकांचा भार त्या एका साधनावर होता, त्यांनी त्याच्या संहितेचे एक पान तरी वाचले होते काय? विनामूल्य मिळालेल्या वस्तूची राखणही विनामूल्य आणि आपोआप होते, ही समजूत त्या टिंबाइतकीच घातक होती.

आपण म्हणाल, हे सारे दूरदेशीचे. आदिलाबादला त्याचे काय? लहान दुरुस्तीचा परिणाम या जिल्ह्याइतका कोणी भोगला असेल असे मला वाटत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात आपल्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर हे मंडळ मुंबई राज्यात गेले. त्याच कलमात नांदेड जिल्ह्याच्या नावापुढे कंस टाकून काही मंडळे वगळली आहेत. त्यांत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही होती. ती इकडे आली. कंसातल्या त्या शब्दांनी हजारो मुलांची शाळा, तिची भाषा आणि पुढची वाट ठरली. २०१६ पासून तो मुलूख निर्मल जिल्ह्यात आहे. या सभेत त्या कंसातून आलेले लोक बसले आहेत.

आज आपल्या भाषांचे पुष्कळसे लेखन संगणकावर होते, आणि अक्षरे पडद्यावर जुळविण्याचे काम ‘हार्फबझ’सारख्या मुक्तस्रोत संहिता करतात. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांतील अंतर मराठी माणसाला सांगावे लागत नाही. एकात विद्वान येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. हे अंतर ‘र’च्या एका आडव्या वळणात आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात त्याची व्यवस्था आहे. परंतु उद्या कोणी सद्हेतूने एक लहान दुरुस्ती केली आणि ते वळण मोडले, तर तपासणाऱ्या परदेशी अभियंत्याला ते दिसणार कसे? त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. त्याला सावध करील ती चाचणी. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द चाचणीच्या यादीत असेल, तर वळण मोडताच यंत्र ओरडेल. तो शब्द यादीत घालावा हे सुचणार ते मराठी जाणणाऱ्यालाच.

आपल्याच जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाळा हे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी जपलेली हस्तलिखिते २००६ च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठातील प्रा. जयधीर तिरुमलराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे अभ्यासकांपुढे आली. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने त्या लिपीची ६३ चिन्हे समाविष्ट झाली. तिच्या अनुस्वारालाही तेथे स्वतःचा क्रमांक आहे. गावातल्या मोजक्या वृद्धांच्या हातात उरलेले ते टिंब आता जगातील संगणकांच्या हाती आहे. ते तेथे सुखरूप राहावे, असे वाटत असेल तर ती लिपी वाचणाऱ्या मुलामुलींनी त्या संहितांच्या चाचण्यांपाशी जाऊन बसले पाहिजे. ही विनंती मी विशेषतः संगणकाच्या व्यवसायात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना करतो. आठवड्यातील एक तास द्या. मोठे काही निर्माण करण्यापूर्वी कोणाची तरी एक ओळ नीट वाचून द्या. आणि जो एकटाच राखण करीत बसला आहे, त्याची विचारपूस करा.

समारोपाकडे येतो. आमच्या वर्गात गुरुजींची एक रीत होती. निबंध लिहून झाला की वह्यांची अदलाबदल व्हायची. मित्राची वही मित्राने तपासावयाची. शब्दावर काट मारावयाची नाही. समासात दुरुस्ती लिहावयाची, तिच्यापुढे कारण लिहावयाचे आणि खाली आपली सही करावयाची. कारण न लिहिलेली दुरुस्ती गुरुजी पुसून टाकीत, मग ती बरोबर का असेना. आणि चूक राहून गेली, तर लिहिणारा आणि तपासणारा दोघांनाही उभे करीत. ते म्हणत, "चूक लिहिणाऱ्याची अर्धी, सोडणाऱ्याची अर्धी." आम्हांला तो अन्याय वाटे. मात्र दोघे मिळून उभे राहिले की अपमान निम्मा होतो, हेही तेव्हा कळले. उभ्या राहिलेल्या मित्राशेजारी माझी सही होती, म्हणून पुढच्या वेळी मी त्याची वही अधिक काळजीने वाचली.

परवा नातीने मला तिच्या चाचणी-साधनातील नोंद दाखविली. ती पस्तीस गुणांची दुरुस्ती अखेर स्वीकारली गेली होती. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण होते आणि खाली दोन नावे होती. लिहिणाऱ्याचे एक, तपासणाऱ्याचे दुसरे. मी तिला म्हणालो, "ही रीत मी या गावात साठ वर्षांपूर्वी पाहिली आहे." माझ्या प्रबंधाच्या घरच्या प्रतीत ‘दर नाव दोन आणे’ या ओळीखाली मी आता पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली आहे आणि समासात कारण लिहून सही केली आहे. फार उशीर झाला आहे, हे मी जाणतो. तरी गुरुजींच्या वर्गात उशिरा आलेली वहीही घेतली जात असे.